शेट्यांची गाडी

“साहेब, ही गाडी पप्पांना दिलीत तेव्हा तिची बॅटरी संपत आलीय, हे तुम्हाला माहीत होतं का?”

प्रश्न विचारून झाला आणि मग माझ्या लक्षात आलं, मी चपलांसकट व्हरांड्यात चढले होते.

शेटेसाहेब झोपाळ्यावर बसून रविवारचा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला नाही. नुसता एका कोपऱ्यात दुमडला आणि तेवढ्या फटीतून माझ्याकडे बघितलं.

“कोण गं तू?”

“प्रेरणा. विलास सुतारांची मुलगी.”

“आमच्या विलासची?”

“विलास सुतारांची,” मी पुन्हा म्हणाले. आवाज अजून शाबूत होता.

खरं सांगायचं तर तो प्रश्न माझा नव्हताच. मिस्बाह आणि अवनीचा होता, आणि त्या दोघी त्या वेळी बंगल्याच्या फाटकाबाहेर सायकलींवर एकेक पाय टेकवून उभ्या होत्या. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत अवनी म्हणाली होती, “वक्तृत्वाला काय हात उडवतेस! अन्यायाला वाचा फोडा म्हणे! मग फोड की. जा आणि विचार शेटेंना, माझ्या पप्पांच्या गळ्यात मेलेली गाडी का मारलीत म्हणून.” त्यावर मिस्बाह डबा बंद करत म्हणाली, “ती नाही विचारणार. शाळा त्यांचीच आहे.”

झालं. ‘ती नाही विचारणार’ हे मला त्या वर्षी कुणी म्हणायचं नाही.

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे. दोन वर्षं म्हणजे फार नाहीत, पण त्या रविवारच्या अलीकडची मी आणि पलीकडची मी एकमेकींना रस्त्यात भेटलो तर ओळख दाखवू की नाही, शंकाच आहे.

पप्पा शेटेसाहेबांकडे पंधरा वर्षं ड्रायव्हर होते. साहेबांचं इचलकरंजीत मोठं सायझिंग, म्हणजे सुताला खळ चढवायचा कारखाना, आणि एक इंग्लिश मीडियमची शाळाही त्यांच्याच संस्थेची. मी त्याच शाळेत, अर्ध्या फीमध्ये. सातवीपर्यंत मी वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि बाई हजेरी घेताना ‘येस मिस’ इतकं हळू म्हणायचे, की दोनदा माझी गैरहजेरी लागली होती. साहेबांचा नातू माझ्याच वर्गात. सकाळी त्याला सोडायला पप्पा यायचे, गाडीतून उतरून त्याच्यासाठी मागचं दार उघडायचे. मी तेव्हा पाण्याच्या टाकीमागे थांबायचे. ते मला बघायचे नाहीत. मी त्यांना बघायचे.

मग आठवीच्या दिवाळीत गाडीच आमच्या घरी आली.

पाडव्याची सकाळ होती. आमच्या गल्लीत ती लांबलचक, वांगी रंगाची गाडी शिरली, तेव्हा कुणाला आवाजच आला नाही. हायब्रिड ना ती! पेट्रोलवर पण चालते, बॅटरीवर पण. हळू चालली की नुसत्या बॅटरीवर, मांजरासारखी. आई दारात रांगोळी घालत होती. मान वर केली तर समोर बंपर.

“कुणाला सोडायला चाललाय?” आईनं विचारलं.

“कुणाला न्हाई,” पप्पा म्हणाले. “आपली हाय.”

आईच्या हातातली रांगोळी तशीच गळत राहिली. मोराच्या डोक्यावर मोठा ढीग झाला.

झालं होतं असं, की साहेबांनी नवी इलेक्ट्रिक गाडी बुक केली होती आणि पप्पांनी त्याच दिवशी हिय्या करून सांगितलं होतं, साहेब, आता मी मोकळा होतो, माझ्या सर्व्हिसचे पैसे द्या. साहेब म्हणाले, “विलास, रोख घेऊन काय करशील? दोन महिन्यांत उडतील. त्यापेक्षा ही गाडीच घे. नवी होती तेव्हा पंचेचाळीस लाखांची होती. तुझ्याइतकं तिला कोण सांभाळणार?”

“पैसे मागितलेले न्हवं तुम्ही?” आई म्हणाली.

“अगं, पैशांच्या दुप्पट किमतीची वस्तू दिली माणसानं! लग्नात नवरदेवाला लावायची. बेळगाव, कोल्हापूर, विमानतळाची भाडी मारायची. स्वतःची गाडी, स्वतःचा धंदा. आता जन्मात कुणाचं दार उघडायला नको.”

एवढं बोलून ते गाडीला वळसा घालून आले आणि सवयीनं त्यांनी आमच्यासाठी मागचं दार उघडलं. उजवा हात दारावर, डावा कमरेमागे, मान किंचित खाली.

“मला उघडता येतंय दार,” आई म्हणाली. पण बसली.

मी तर आधीच आत होते.

मागच्या सीटवर पांढरा टॉवेल होता. मोठा, जाड, पाठीपासून बैठकीपर्यंत आणि दोन्ही कडांनी खाली लोंबणारा. मोठ्या माणसांच्या गाडीत असतो ना, तसा. पप्पांनी पंधरा वर्षांत साहेबांच्या कुठल्याच गाडीची सीट टॉवेलाशिवाय ठेवली नव्हती, आणि गाडी आमची झाली तरी तो तसाच राहिला. उलट टॉवेलचं खातं माझ्याकडे आलं. दर शनिवारी तो धुवायचा, ब्लीच करायचा, रविवारी इस्त्री करून घालायचा. कसा घालायचा, हे पप्पांनी मला स्वतः शिकवलं.

“कड अशी आत खोचायची. ही बाजूला काळी जाळी दिसतीया न्हवं, ती झाकली पायजे. वहिनीसाहेबांना ती बघवायची न्हाई. म्हणायच्या, एवढ्या भारी गाडीत ही मोरीची जाळी कशाला?”

मी हसले. खरंच मोरीच्या जाळीसारखी होती. मी दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून ती इतकी झाकायचे की हुडकून सापडायची नाही. पप्पा मागे उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, “हं. आता कशी साहेबाची गाडी वाटतीया.”

ती गाडी आली आणि मी बदलले, यात लपवण्यासारखं काही नाही. एका सोमवारी पप्पांनी मला तिच्यातून शाळेत सोडलं. मी पाण्याच्या टाकीसमोरच उतरले. त्यानंतर मी दुसऱ्या बाकावर बसायला लागले, पुढून दुसऱ्या! वक्तृत्वात नाव दिलं. ‘येस मिस’ असं म्हणायचे की शेजारच्या वर्गाची हजेरी लागावी. अवनी आणि मिस्बाह माझ्या मैत्रिणी झाल्या त्या तेव्हाच. दोघींना मी त्या पांढऱ्या टॉवेलवर बसवून आइस्क्रीम खायला नेलं होतं आणि “सांडू नका हं” असं तीनदा बजावलं होतं. अवनी म्हणाली, “किती सायलेंट आहे गं!” जणू काही ती मीच बनवली होती.

गल्लीत मात्र सगळे तिला ‘शेट्यांची गाडी’च म्हणायचे. “शेट्यांची गाडी जरा पुढं घ्या की विलासराव, टेंपो घालायचाय.” कागदावर नाव पप्पांचं होतं, तरी.

आणि त्या गाडीला हजाराच्या खाली बोलता येत नव्हतं. डिसेंबरमध्ये डिकीतली छोटी बॅटरी गेली. हो, मोठ्या बॅटरीला चालू करायला आणखी एक छोटी असते. तिचे चौदा हजार. आई म्हणाली, “चौदा हजारात आपली दोन वर्षांची भाजी येती.” मग ब्रेक दाबला की कुठून तरी गुरगुर यायला लागली. ब्रेकचा पंप, नवा घेतला तर लाखाच्या घरात. पप्पा म्हणाले, “गुरगुरू दे. दाबतोय न्हवं?” मग एक दिवा फुटला तर साध्या गाडीसारखी काच बदलता येईना, आख्खा दिवाच घ्यायचा म्हणे. पप्पांनी तो चिकटपट्टीनं असा जोडला की चार फुटांवरून कळायचं नाही. नवरदेव चार फुटांच्या आत आला की पप्पा त्याच्यासमोर उभे राहायचे आणि दार उघडायचे.

तरी फेब्रुवारीत सहा लग्नं मिळाली. सहा! पप्पा घरी आले की शर्टाच्या खिशातून गुलाबाच्या पाकळ्या निघायच्या. एकदा त्यांनी आईला विचारलं, “मंगल, मी आता मालक वाटतोय का?”

“मालक उशिरा उठत्यात,” आई म्हणाली. “तुम्ही पाचलाच गाडी पुसताय.” पण हसली. मला तिचं ते हसणं आठवतं, कारण नंतर खूप दिवस दिसलं नाही.

सातवं लग्न मार्चमध्ये, जयसिंगपूरला. भर दुपारची वरात. ऊन असं, की बँडवाल्यांनी डोक्यावर ओले रुमाल घातलेले. गाडी पावलापावलानं चाललेली, एसी पूर्ण, मागे नवरदेव आणि त्याच्या दोन करवल्या. मी पुढे पप्पांच्या शेजारी बसले होते, कारण मला रविवारची सुट्टी होती आणि मला वरातीत मिरवायला कुणाचीच हरकत नसायची. कार्यालय शंभर पावलांवर आलं आणि समोरच्या पट्टीवर लाल त्रिकोण पेटला. त्यात उद्गारचिन्ह. मी म्हणाले, “पप्पा, हे काय?”

पप्पांनी बटण दोनदा दाबून बघितलं. गाडी थांबली होती. आवाज तर तिला आधीच नव्हता, त्यामुळे ती बंद पडली हे बाहेर कुणाला कळलंही नाही. बँड पुढे गेला. नाचणारे पुढे गेले. मग मागून कुणीतरी ओरडलं, “अहो ड्रायव्हर, झोपला काय?”

पप्पा उतरले, मागचं दार उघडलं, मान खाली घालून नवरदेवाला म्हणाले, “साहेब, जरा चालावं लागतंय.”

नवरदेव तिथून शंभर पावलं चालत गेला. त्याच्या बुटांना रस्त्याचं डांबर लागलं. मुलीचे वडील पप्पांना काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. पप्पा प्रत्येक वाक्याला “चुकलं साहेब” म्हणत होते. गाडी चुकली होती. पण माफी त्यांची.

दोन दिवसांनी टो करून गाडी कोल्हापूरला नेली. पप्पांनी मला शाळा बुडवून बरोबर घेतलं, म्हणाले, “इंग्रजी कागद असत्यात, तू वाच.” पप्पांचं इंग्रजी वाहनांच्या नंबरांपुरतं होतं. हायब्रिडचं काम जाणणारा गॅरेजवाला, भोपळे त्याचं नाव, त्यानं लॅपटॉप जोडला, मग मागची सीट उचकटली. मला पप्पांनी रसाच्या गाड्यावर पिटाळलं. मी परत आले तेव्हा भोपळे पप्पांना काहीतरी सांगत होता, आणि मला बघून दोघंही गप्प झाले. पप्पांच्या हातात एक काळी प्लास्टिकची पिशवी होती, फुगलेली पण हलकी. ती त्यांनी दुमडून काखेत धरली.

“काय झालंय?” मी विचारलं.

“मोठी बॅटरी गेली,” भोपळे म्हणाला. “उष्णतेनं शिजली. नवी टाकायची तर चार लाख दहा हजार. जुनी दुरुस्त केलेली दीड लाखात बसवतो, पण गॅरंटी मागायची नाही.”

“आणि गाडी अशीच विकली तर?”

तो पप्पांकडे बघून म्हणाला, “पोरगी हुशार आहे.” मग मला म्हणाला, “सव्वा लाख. सुटे भाग म्हणून.”

गाडी भोपळेकडेच राहिली, टॉवेल तेवढा मी घरी आणला. परतताना एसटीत पप्पा ती काळी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पंधरा वर्षांची सर्व्हिस सव्वा लाख. मी मनात भाग देऊन बघितलं आणि मग सोडून दिलं.

त्या आठवड्यात पप्पा घराबाहेर पडले नाहीत. आणि शुक्रवारी आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, “पप्पा परत शेट्यांकडं जायचं म्हणत्यात. नव्या गाडीवर.” भाकरी तव्यावर टाकताना तिनं ती जरा आपटलीच.

म्हणून शनिवारी मी मैत्रिणींना सगळं सांगितलं, आणि म्हणून त्यांनी मला पेटवलं, आणि म्हणून रविवारी सकाळी नऊ वाजता मी शेटेसाहेबांच्या व्हरांड्यात चपलांसकट उभी होते. माझ्या डोक्यात सगळं लख्ख होतं. साहेब गडबडतील. चूक कबूल करतील, निदान अर्धी. बॅटरीचे पैसे देतील. पप्पांना परत कुणाचं दार उघडावं लागणार नाही. वक्तृत्वात मला नेहमी टाळ्या मिळायच्या ना. मला वाटायचं, टाळ्या म्हणजे निकाल.

शेटेसाहेबांनी पेपर पूर्ण घडी केला.

“बॅटरी,” ते म्हणाले. “असं होय. बस ना.”

“नको.”

“बरं.” त्यांनी आत हाक मारली, “अहो, त्या जुन्या गाडीची फाइल असेल बघा माझ्या टेबलावर. निळी.”

वहिनीसाहेब स्वतः फाइल घेऊन आल्या. मला बघून म्हणाल्या, “विलासची ना तू? किती मोठी झालीस! चहा घेतेस?” त्या खरंच प्रेमानं विचारत होत्या. त्यामुळे सगळं आणखी अवघड झालं.

साहेबांनी पानं उलटली, एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

“मी कागदाशिवाय बोलत नाही. हा दोन वर्षांपूर्वीचा सर्व्हिसिंगचा. गाडी सर्व्हिसिंगला कोण न्यायचं? तुझे वडील. काय काय बिघडलंय ते ऐकून सही कोण करायचं? तुझे वडील. मी काय गाडीखाली झोपून बघायला जात होतो? वाच. इंग्लिश मीडियमला आहेस ना, आमच्याच शाळेत?”

मी वाचलं. मधोमध छापील अक्षरात सर्व्हिसवाल्यांनी लिहिलं होतं, की मागच्या सीटच्या बाजूची जाळी ही बॅटरीला हवा देणारी आहे, ती टॉवेलनं झाकलेली आढळली, टॉवेल ताबडतोब काढावा. पंख्यात तंतू साठले आहेत, बॅटरी गरम होत आहे. खाली गोलात मराठीत सही. व्ही. एम. सुतार. पप्पांची सही मी कुठेही ओळखीन. ‘सु’चा उकार ते शेपटीसारखा लांब ओढतात.

मोरीची जाळी.

“दिसली सही?” साहेब शांतपणे म्हणाले. “मी विलासला काही बोललो नाही. बोलणारही नाही. माणूस प्रामाणिक आहे. चुका होतात.”

मला कागद परत द्यायचा होता. द्यायलाच पाहिजे होता. पण बाईंनी आम्हाला सवय लावली होती, उतारा शेवटपर्यंत वाचायचा. सहीच्या खाली पेनानं, गिचमिड अक्षरात आणखी एक ओळ होती.

मी ती मोठ्यानं वाचली. मराठीत करूनच वाचली, म्हणजे वहिनीसाहेबांनाही कळावी.

“मालक श्री. शेटे यांना फोन केला. पंखा आणि जाळीची सफाई, तीन हजार आठशे रुपये. मालक म्हणाले, नको, गाडी एवीतेवी काढायचीच आहे.”

झोपाळ्याची कडी करकरत होती ती थांबली.

साहेबांनी चष्मा वर सरकवला, कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग फाइलमध्ये ठेवून दिला.

“असेल,” ते म्हणाले. “दिवसाला पन्नास फोन येतात मला.”

बास. एवढंच. ते चिडले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी कितीतरी वाक्यं तयार करून नेली होती.

“शाळेनं धीट केलंय तुला,” ते पुढे म्हणाले. “चांगलं आहे. फीची सवलत चालूच राहील, काळजी करू नकोस. आणि विलासला सांग, उद्यापासून ये. पगार दोन हजारांनी वाढवतो.”

“बरं होईल बाई,” वहिनीसाहेब म्हणाल्या. “नव्या ड्रायव्हरला टॉवेलसुद्धा नीट घालता येत नाही. विलासच्या हाताला वळण आहे.”

मी वळले. पोर्चमध्ये नवी पांढरी गाडी उभी होती. मागच्या काचेतून टॉवेल दिसत होता, एका बाजूला घसरलेला.

फाटकाबाहेर अवनीनं माझा हात धरला. “काय म्हणाले? विचारलंस?”

“विचारलं.”

“मग?”

“असेल म्हणाले.”

“म्हणजे?” मिस्बाहनं विचारलं. मी सायकलवर टांग मारली. त्या दोघी बिचाऱ्या मागून ओरडत होत्या, “ए, भारी आहेस तू! ए प्रेरणा!” मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कौतुक करू नये असं वाटलं.

घरी पप्पा अंगणात होते. ड्रायव्हरचा पांढरा युनिफॉर्म पेटीतून काढून त्यांनी दोरीवर टाकला होता, वास जावा म्हणून. आई उंबऱ्यावर साडीला फॉल लावत बसली होती.

“पप्पा, त्या काळ्या पिशवीत काय आहे?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुठून आले हे त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं. ते आत गेले, पलंगाखालून पिशवी काढली आणि माझ्यापुढे ओतली. कापूस. पांढरा, दाबून दाबून चपटा झालेला, पंख्याच्या पात्यांचे वळसे उमटलेले. आमच्या गावात सगळ्यांना कापूस ओळखता येतो. हा टॉवेलचा होता. मी धुतलेला, मी ब्लीच केलेला.

“पंख्यातनं निघाला,” पप्पा म्हणाले. “भोपळे म्हणाला, उशी भरंल एवढा हाय. तुला दाखवायचा नव्हता.”

“सगळा आपला नाही,” मी म्हणाले. “मी कागद वाचला. सर्व्हिसवाल्यांनी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.”

“सांगितलंतं की. तोंडानं पण सांगितलंतं, टॉवेल काढा म्हणून. मी येऊन वहिनीसाहेबांना बोललो. त्या म्हणाल्या, काढायचा न्हाई, जाळी दिसती. मग मी कुणाचं ऐकायचं? गाडीचं का मालकिणीचं?”

“मग गाडी आपली झाल्यावर? आपली झाल्यावर तरी का नाही काढलात?”

पप्पा दोरीवरच्या युनिफॉर्मची बाही सरळ करत राहिले. शेवटी म्हणाले, “टॉवेल नसला की ती मोठ्या माणसाची गाडी वाटत न्हवती गं.”

आईची सुई थांबली.

मी त्यांना फोनचं सांगितलं. तीन हजार आठशे. ‘नको, गाडी एवीतेवी काढायचीच आहे.’ मला वाटलं, आता तरी ते चिडतील. ते म्हणाले, “मोठ्या माणसांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई.” आणि मग, “तू तिथं चपला काढून गेलीस न्हवं?”

आई एकदम उठून आत गेली. भांडी वाजली.

दुपारी मी टॉवेलची रविवारची इस्त्री केली नाही. त्याऐवजी टेबलाशी बसून अर्ज लिहिला. मिस्बाह, अवनी, पुढून दुसरा बाक, पुढच्या वर्षीची जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा, सगळं त्या कागदाच्या पलीकडे राहणार होतं, हे मला ठाऊक होतं. लिहिताना दोनदा रडले आणि एकदा शाई फिसकटली म्हणून पुन्हा लिहिला. संध्याकाळी आई-पप्पा चहाला बसले तेव्हा तो त्यांच्यामध्ये ठेवला.

“हे काय?” आईनं विचारलं.

“पप्पा, तुम्ही उद्या जा. मी अडवणार नाही,” मी म्हणाले. “पण साहेबांच्या सवलतीवर मी आता शिकणार नाही. परीक्षा झाली की नववीला मी गावातल्या मुलींच्या शाळेत जाणार, माझं ठरलंय. हा दाखल्याचा अर्ज.”

पप्पांनी आईकडे बघितलं. तिनं नुसता चहाचा कप बाजूला घेतला, कागदावर डाग पडू नये म्हणून. मग पप्पांनी खिशाचं पेन काढलं आणि सवयीनं सरळ खालच्या कोपऱ्याकडे नेलं.

मी कागदावर हात ठेवला.

“थांबा. इंग्रजीत आहे. आधी मी पूर्ण वाचून दाखवणार, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग सही करायची.”